सही करायची की नाही

अगं, तुझा मेसेज वाचला. घरकामगार बायकांच्या सोसायटीबरोबरच्या समझोत्यात पगारी सुट्टी आली पण आजारपणाच्या खर्चाचं काहीच नाही, म्हणून तू सही करणार नाहीस. जरा थांब. थॅडियस स्टीव्हन्स वाचलायस का? नसशीलच, आपल्याकडे लिंकनच्या पुढे कोण जातं.

हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा वकील, 1792 चा जन्म, पायात जन्मापासून व्यंग आणि जीभ अशी की समोरचा गार. 1838 ला राज्याची नवी घटना झाली, हा ती लिहिणाऱ्यांतच होता, पण त्यात मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना ठेवला म्हणून पठ्ठ्याने सही केलीच नाही. इथपर्यंत तुझ्यासारखाच.

आता 1866 बघ. अमेरिकेच्या घटनेत चौदावी दुरुस्ती आली, त्यात नागरिकत्व होतं, कायद्याचं समान संरक्षण होतं (आपल्या कलम 14 मधला तो भाग तिथूनच आलाय), पण काळ्या लोकांना मताचा हक्क सरळ दिलाच नव्हता, राज्याने मत नाकारलं तर त्याचे संसदेतले प्रतिनिधी कमी होणार, बस्स. तेव्हा स्टीव्हन्स हाउसमधला, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहातला, रिपब्लिकन पक्षाचा म्होरक्या, आणि त्याने भर सभागृहात कबूल केलं की हे मला हवं तसं नाहीये, तरी स्वीकारतोय, कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.

म्हणजे म्हातारपणी मऊ पडला का? मला नाही वाटत. 1838 च्या आधी तिथल्या काही भागांत काळे पुरुष मत देत होते, ते काढून घेतलं जात होतं. 1866 ला हातात नव्हतं त्यातलं थोडं मिळत होतं. तुझ्या कागदावर हेच तपास, आत्ता जे मिळतंय, दिवाळीचा बोनस म्हण, त्यातलं काही जातंय का? जात असेल तर खुशाल अडून बस. नसेल तर सही कर आणि काय राहिलं ते त्याच मीटिंगमध्ये तोंडावर सांग.

आणि त्याला देव करू नकोस हं. 1821 मध्ये हाच माणूस गुलामाच्या मालकाकडून उभा होता. चॅरिटी बटलर नावाच्या बाईचं म्हणणं होतं की पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिले म्हणजे कायद्याने मी मोकळी. तिचे मुक्काम तुकड्यातुकड्याने होते, कोर्टाने ते जोडून मोजायला नकार दिला, स्टीव्हन्स केस जिंकला आणि ती मुलांसकट गुलामीतच राहिली. पुढे गुलामीविरुद्ध आयुष्य घातलं त्याने, पण तिला काय त्याचं.

तुझ्या ड्राफ्टमधलं चौथं कलम म्हणतं, 'सहा महिने काम केलेल्यांना पगारी सुट्टी.' सलग की एकूण? निम्म्या बायका मे महिन्यात गावी जातात. सोसायटीच्या वकिलाला हे दिसायच्या आत ते 'एकूण' करून घे.