वाचकांचे प्रश्न : फ्रान्सच्या खेड्यात आठवडाभर दगडी घर

प्रश्न : येत्या मे महिन्यात मी, माझे पती, आमची दोन मुले, दीर, जाऊबाई आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे सातजण फ्रान्सला जाण्याचे ठरवीत आहोत. पॅरिसनंतर एक आठवडा नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य भागातील एखाद्या खेड्यात जुने दगडी घर भाड्याने घ्यावे, अशी पतींची फार इच्छा आहे. राजवाड्यामागचा आमचा वडिलोपार्जित वाडा विकल्यापासून त्यांना जाड भिंतींच्या घराची ओढ लागली आहे. जाऊबाईंच्या मते मात्र हॉटेलच बरे. सासूबाई शुद्ध शाकाहारी असून त्यांचे गुडघे दुखतात. व्हिसा हाती नसताना आगाऊ रक्कम भरावी का, आणि घर ठरविताना काय विचारावे?
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : जाऊबाईंची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याविषयी. फ्रान्समध्ये अशा घराला ‘झीत’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली, तेव्हा रिकामी घरे दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देण्याची पद्धत रुजली, आणि १९५५ साली त्यासाठी ‘झीत द फ्रान्स’ ही संघटना उभी राहिली. हॉटेलांना तारे असतात, तसा या संघटनेच्या घरांचा दर्जा एक ते पाच कणसांनी दाखविला जातो. परंतु घर कितीही कणसांचे असले तरी ते घरच असते. भांडी आपण घासायची, कचरा आपण टाकायचा आणि निघताना झाडूनपुसून द्यायचे. ते नको असेल तर सफाईचे वेगळे पैसे मोजायचे. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत की नाहीत, हेही विचारावे लागते. शिवाय दर प्रौढ माणसामागे, दररात्री थोडा पर्यटन-कर द्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये घर बहुधा शनिवार ते शनिवार असेच मिळते; मे महिन्यात घरमालक बरीच सवलत देतात. सातजणांना तीन-चार खोल्या घ्याव्या लागणाऱ्या हॉटेलापेक्षा हे स्वस्त पडते खरे, पण घरकाम सुटीवर जात नाही, हे जाऊबाईंना आधीच सांगून ठेवावे. ते काम पुरुषांनीही वाटून घ्यावे, असे आमचे मत आहे.

आता पैशांविषयी, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि कधी पंचेचाळीसपर्यंतही जातात. अर्जासोबत मात्र राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, म्हणजे घर आधी ठरवावेच लागते. फ्रेंच करारात आगाऊ रकमेसाठी ‘आर्र’ आणि ‘आकोंत’ असे दोन शब्द येतात आणि दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘आर्र’ दिल्यावर तुम्ही माघार घेतली तर तेवढी रक्कम बुडते, आणि घरमालकाने माघार घेतली तर त्याने दुप्पट परत करायची असते. ‘आकोंत’ दिली की करार दोन्ही बाजूंना पक्का होतो आणि उरलेले भाडेही मागितले जाऊ शकते. तेव्हा करारात ‘आर्र’ लिहून घ्यावे, व्हिसा नाकारला गेल्यास काय होईल हे वेगळ्या ओळीत विचारावे, आणि सातही जणांची नावे, तारखा व घराचा पूर्ण पत्ता करारात आहे ना, ते पाहावे. किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा व्हिसासाठी लागतोच.

मोडतोडीपोटी ठेवून घेतलेली अनामत रक्कम ही याहून वेगळी. आम्ही उतरलो त्या घरात चुलीच्या काचेला कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. निघताना घरमालकीणबाई ती चीर आमच्या माथी मारू लागल्या, तेव्हा आल्या संध्याकाळी मुलीने सहज काढलेले छायाचित्र कामी आले. किल्ली हाती येताच प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत.

या भागातील घरे पिवळसर चुनखडीच्या दगडाची असतात आणि काहींवर कौलांऐवजी दगडी फरश्यांचेच छप्पर असते, ज्याचे वजन चौरस मीटरला अर्ध्या टनाहून अधिक भरते. एवढा भार पेलायला भिंती जाडच लागतात. वाड्याची सवय असलेल्या तुमच्या पतींना त्यांचा गारवा ओळखीचा वाटेल, पण भिंतीआड मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. दाराची चौकट ठेंगणी असते. आमच्यापैकी दोघांनी पहिल्याच रात्री कपाळ आपटून घेतले. सासूबाईंसाठी दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात : तळमजल्यावर निजण्याची खोली आहे का, आणि त्याच मजल्यावर शौचालय आहे का. बऱ्याच घरांत खोल्या माडीवर असतात आणि जिना अरुंद, उभा असतो. उत्तर ‘नाही’ आले तर घर कितीही देखणे असो, ते सोडावे.

स्वयंपाकाचे म्हणाल तर चूल इंडक्शनची आहे का ते विचारावे, कारण ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. स्टीलचा, चुंबक चिकटणाऱ्या बुडाचा न्यावा. फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धूर ओळखणारी घंटा २०१५ पासून सक्तीची आहे. आमच्या मोहरीच्या पहिल्याच फोडणीला ती कोकलू लागली आणि शेजारचे आजोबा काठी घेऊन अंगणात आले. फोडणी खिडकी उघडून द्यावी. तूप, पेढे, चक्का असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत आणि कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. पोहे, डाळ, मसाले आणि आपली शेव खुशाल न्या. तूप तिथेच कढवावे. दुकानात ‘दू’ लिहिलेले लोणी बिनमिठाचे असते.

गाडीवाचून मात्र खेड्यात दिवस काढणे कठीण आहे. पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. तिथून गाडी घ्यावी. ऑटोमॅटिक गाडी आधी सांगून ठेवावी लागते. इंदूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा आणि दोन चालक नोंदवावेत, कारण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचा ताण पहिले दोन दिवस जाणवतो. शनिवारी घरी पोहोचण्यापूर्वीच वाणसामान भरून घ्यावे, कारण रविवारी दुपारनंतर खेड्यात बहुधा काही उघडे नसते. त्या भागातील सार्ला या गावचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. माँतिन्याक गावी लास्को गुहेतील आदिमानवाच्या चित्रांची हुबेहूब प्रतिकृती आहे, ती मुलांना आवर्जून दाखवावी. मूळ गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे.

प्रश्न : असे घर दिवाळीच्या सुट्टीत घ्यावे का?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : घेता येईल, परंतु फ्रान्समधील शाळांनाही त्याच सुमारास दोन आठवड्यांची सुट्टी असते, म्हणून लवकर ठरवावे. घर गरम ठेवण्याच्या विजेचे पैसे भाड्यात आहेत की मीटर पाहून वेगळे घेतात, हे करारात पाहून घ्यावे. लाकडाची शेगडी असल्यास लाकडे किती मिळतील, तेही विचारावे. जाड दगडी भिंती एकदा गारठल्या की तापायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून शेगडी तुम्ही पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच पेटवून ठेवण्याची घरमालकाला विनंती करावी.