नवीन प्रोटीन स्किमर कधी ओसंडून वाहतो, तर कधी फेसच देत नाही; तो नीट कसा बसवावा?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की, समुद्री माशांच्या टाकीच्या सम्पमध्ये (टाकीखालच्या जोडटाकीत) स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारे यंत्र, बसवून चार दिवस झाले आहेत, दिवसातून आठ-दहा वेळा आपण त्याचा व्हॉल्व्ह फिरवून पाहता आहात आणि तरीही कपात एकतर स्वच्छ पाणी भरते किंवा काहीच येत नाही. माझ्याकडे ठाण्यात सात वर्षांपासून २४० लिटरची कोरलची टाकी आहे. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की, तूर्त त्या व्हॉल्व्हला हात लावू नये. दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये नाही. तो स्किमर ज्या पाण्यात उभा आहे, त्या पाण्याच्या पातळीत असावा.

सम्पमधला स्किमर किती खोल पाण्यात उभा करायचा, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. पाणी त्याहून दोन सेंटिमीटर जरी वाढले, तरी स्किमरच्या नळकांड्यातील पातळी वर सरकते आणि फेसाऐवजी पाणीच कपात चढते; पाणी कमी झाले की फेस मानेपर्यंत (कपाखालच्या अरुंद भागापर्यंत) पोहोचतच नाही. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्यासाठी मी पंखा लावतो, तेव्हा दिवसाला तीन लिटर पाण्याची वाफ होते आणि माझ्या जुन्या, काचेच्या आडभिंती नसलेल्या सम्पमध्ये तेवढ्यानेच पातळी जवळजवळ दीड सेंटिमीटर उतरत असे. सकाळी जमवलेला स्किमर संध्याकाळी बिघडलेला वाटायचा, तो यामुळे. म्हणून स्किमरचा कप्पा काचेच्या आडभिंतीने वेगळा करावा, म्हणजे पातळीतील चढउतार फक्त परतीच्या (पाणी वरच्या टाकीत परत चढवणाऱ्या) पंपाच्या कप्प्यात होईल. तशी सोय नसेल, तर फ्लोटवर चालणारी पाणी भरण्याची यंत्रणा लावावी. माझ्या स्किमरला २० सेंटिमीटर पाणी लागते. कप्पा त्याहून खोल असल्यामुळे मी त्याखाली अॅक्रिलिकचा पाट ठेवला आहे.

दुसरी गोष्ट धीराची आहे. कोऱ्या स्किमरच्या प्लास्टिकवर कारखान्यातले तेलकट अंश राहिलेले असतात आणि ते धुऊन जाऊन आतून जिवाणूंचा पातळ थर बसेपर्यंत फेस स्थिरावत नाही. याला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. बसवण्यापूर्वी तो व्हिनेगर घातलेल्या पाण्यात काही तास चालवला असता तर थोडा वेळ वाचला असता. तेलाचा हा परिणाम आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो: डाळ शिजताना फेस उतू जाऊ नये म्हणून आपण तिच्यात तेलाचे दोन थेंब टाकतो. टाकीत हात घातल्यावर किंवा माशांना तेलकट खाद्य दिल्यावर स्किमरचा फेस काही तास बसतो, तोही त्याच कारणाने. तेव्हा व्हॉल्व्ह फिरवून फेस वर आणलात, तर तेलाचा परिणाम ओसरताच कप भरून वाहणार, हे ठरलेलेच.

हे सगळे स्थिर झाल्यावर मगच व्हॉल्व्ह. पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह बंद करत नेला की आतली पातळी चढते, उघडला की उतरते. सुरुवातीला तो पूर्ण उघडा ठेवावा आणि बुडबुडे जिथे दाट होऊन फेसात बदलतात ती रेषा मानेच्या तळाशी, म्हणजे कप जिथे बसतो त्याच्या आसपास येईल इतकाच हळूहळू आवळावा. एका वेळी अगदी थोडे फिरवावे आणि पुढचा बदल दुसऱ्या दिवशीच करावा. पातळी उंच ठेवली तर चहासारखे पातळ पाणी जास्त प्रमाणात निघते, खाली ठेवली तर दाट काळपट गाळ थोडासा निघतो. माशांची संख्या जास्त असेल तर मी पहिला प्रकार पसंत करतो, मात्र त्यासोबत खारे पाणीही बाहेर जाते, हे लक्षात ठेवावे लागते.

ते मी एकदा विसरलो होतो. संध्याकाळी इपॉक्सी पुटीने कोरलचे दोन तुकडे दगडाला चिकटवले आणि स्किमर चालूच ठेवून झोपलो. ती पुटी पाण्यात घट्ट होताना स्किमर अक्षरशः पिसाळतो. सकाळी फरशीवर आठ लिटर पाणी होते आणि तितकेच गोडे आरओ पाणी यंत्रणेने इमानेइतबारे टाकीत भरले होते. क्षारता ३५ पीपीटीवरून (पाण्याच्या हजार भागांत मिठाचे ३५ भाग) ३४च्या खाली आली. पुटी किंवा औषध वापरल्यावर त्या रात्री कप काढून ठेवावा, पंप चालू राहिला तरी चालेल. वीज जाऊन परत येते तेव्हाही टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरलेले असल्यामुळे स्किमर काही मिनिटे ओसंडतो, म्हणून तो थोडा उशिराने सुरू करावा.

दोन आठवड्यांनीही फेस आला नाही, तर हवेच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून पाहावे. ओढ जाणवली नाही, तर बहुधा नळीच्या पंपाकडच्या टोकाला मिठाचा खडा बसलेला असतो. पंप बंद करून त्या नळीतून कपभर कोमट पाणी सोडले की तो विरघळतो. मानेच्या आतला चिकट थर मात्र दर दोन-तीन दिवसांनी पुसावाच लागतो, कारण त्या थरावर फेस चढत नाही.