बोलावणं आलंय, तयारी कशाची करू?

नोकरीच्या मुलाखतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रांतली क्षेत्रं इतकी वेगळी आहेत की सगळ्यांना मिळून एकच सल्ला देणं बरोबर झालं नसतं.

मी आयटीआय फिटर आहे. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलंय. माझं इंग्रजी कच्चं आहे. बोलण्याची तयारी कशी करावी?
– एक वाचक, मंचर

बोलण्यापेक्षा हाताची तयारी करा. अशा मुलाखतीला समोर प्रॉडक्शनचा किंवा क्वालिटीचा माणूस असतो. तो बऱ्याचदा टेबलावर एखादा जॉब (तयार होत असलेला भाग), माप घ्यायचा व्हर्निअर आणि ड्रॉइंग ठेवतो आणि मराठी-हिंदीतच विचारतो.

व्हर्निअर हातात आला की आधी जबडे पुसा, मिटवा आणि शून्य जुळतंय का ते पाहा. हे न करता थेट माप सांगणारा उमेदवार तिथेच मागे पडतो, कारण साधनातच चूक असेल तर त्यावर तपासलेला सगळा माल परत येतो. लीस्ट काउंट, म्हणजे साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, नुसता पाठ करू नका, तो कसा निघतो तेही सांगता आलं पाहिजे. नेहमीच्या व्हर्निअरवर मुख्य पट्टीच्या 49 मिमीचे 50 भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग 0.98 मिमीचा आणि फरक 0.02 मिमी. मायक्रोमीटरचा स्पिंडल एका फेऱ्यात 0.5 मिमी सरकतो, थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) 50 भाग असतात, म्हणून 0.01 मिमी. मायक्रोमीटर टोकाच्या रॅचेटनेच फिरवा. थिंबल धरून आवळला की माप कमी येतं, आणि समोरच्याची नजर नेमकी तिथे असते.

ड्रॉइंगमध्ये आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे टॉप व्ह्यू हा फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. '25 एच 7' लिहिलेल्या भोकाचं माप 25.000 ते 25.021 मिमीच्या आत हवं. एम 10 च्या टॅपसाठी, म्हणजे 10 मिमीचे आटे पाडण्यासाठी, ड्रिल कितीचं, हाही ठरलेला प्रश्न: पिच (दोन आट्यांतलं अंतर) 1.5, तो 10 मधून वजा केला की 8.5 मिमी. 8 चं घेतलं तर काय होईल? टॅपवर ताण येऊन तो जॉबमध्येच तुटेल. अशी कारणं स्वतःच्या शब्दांत सांगता आली की इंग्रजीवाचून काही अडत नाही.

'मशीन चालू असताना जॉब अडकला तर काय कराल?' याचं उत्तर 'काढतो' असं दिलंत तर मुलाखत तिथेच संपते. आधी इमर्जन्सी स्टॉप, मग सुपरवायझरला कळवणं, त्यानंतर पुढचं. तिन्ही शिफ्टना यायला जमेल का, हे विचारतीलच. कंपनीची बस कुठपर्यंत येते हे पाहून खरं ते सांगा. आणि तुमच्याकडून एक प्रश्न जरूर विचारा: भरती कंपनीच्या रोलवर आहे, अप्रेंटिस म्हणून आहे की ठेकेदाराकडून? हे विचारण्यात काही गैर नाही. पगार, पीएफ, पुढे कायम होण्याची शक्यता, सगळं त्यावर ठरतं.

मी बीएस्सी कृषी झाले आहे. बँक पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर) मुख्य परीक्षा पास झाले. 'बँकेत कशाला आलात?' या प्रश्नाची भीती वाटते.
– एक वाचक, लातूर

आधी गुणांचा हिशोब समजून घ्या. आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या पीओ भरतीत मुलाखत 100 गुणांची असते. पात्र ठरायला सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि आरक्षित गटांना 35 टक्के लागतात. अंतिम यादीत मुख्य परीक्षेचा वाटा 80 आणि मुलाखतीचा 20. म्हणजे मुलाखतीत 45 ऐवजी 65 मिळाले तर अंतिम गुणांत 4 ची भर पडते. कटऑफच्या आसपास ही भर फार मोठी असते.

तुमची पदवी ही अडचण नाही, ती तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. बँकांना कर्जवाटपातलं 40 टक्के प्राधान्य क्षेत्राला आणि एकूण कर्जातलंच 18 टक्के शेतीला द्यावं लागतं. 'मला लोकांची सेवा करायची आहे' असं मोघम बोलण्यापेक्षा या 18 टक्क्यांपासून सुरुवात करा आणि सोयाबीनवर या. पेरणीला एकरी किती खर्च येतो, पैसा कधी लागतो, हाती कधी येतो. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर 3 टक्क्यांची सवलत मिळून व्याज 4 टक्क्यांवर येतं, हे नेमकं सांगता यावं.

एका ठिकाणी कृषी पदवीधरही चुकतात. कर्ज थकीत कधी ठरतं? '90 दिवसांनी' हे उत्तर साधारण मुदतकर्जाला लागू आहे. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन पीक हंगाम थकलं की एनपीए, म्हणजे थकीत, होतं, दीर्घ मुदतीच्या पिकाचं एका हंगामानंतर. हा फरक तुम्ही आपणहून सांगितलात तर पुढचे प्रश्न तुमच्या अंगणात येतात. रेपो दर मात्र मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहून जा. तो ठरवणारी रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दोन महिन्यांनी बसते, जुनं पुस्तक उपयोगाचं नाही.

कागदपत्रांत ओबीसी उमेदवारांची हमखास चूक म्हणजे राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र नेणं. इथे केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. तफावत असेल तर आताच कामाला लागा, दुरुस्तीला आठवडे जातात.

मुलाखत व्हिडिओवर आहे. घरात जागा कमी, नेटही जातं.
– एक वाचक, कणकवली

उजेड चेहऱ्यावर समोरून पडेल असे बसा, खिडकी पाठीशी नको. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. वायरचा इअरफोन लावा, ब्लूटूथ ऐन वेळी दुसऱ्याच फोनला जोडला जातो. लॅपटॉप पूर्ण चार्ज हवा, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेला हवा. मुलाखत घेणाऱ्यांचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. नेट गेलं तर एका मिनिटात फोन करा, कोणी मनाला लावून घेत नाही. गप्प गायब झालात तर मात्र गैरसमज होतो. पडद्यावर उत्तरं चिकटवून वाचू नका, डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसतात.

2019 पर्यंत अकाउंट्समध्ये होते. मुलांसाठी नोकरी सोडली. आता परत सुरू करायची आहे. मधल्या वर्षांबद्दल काय सांगू?
– एक वाचक, डोंबिवली

एका वाक्यात खरं सांगा आणि थांबा: 'मुलं लहान होती म्हणून थांबले होते, आता पूर्ण वेळ काम करू शकते.' अपराधी सुरात लांबण लावू नका. मूल सांभाळणं ही काही चूक नाही.

समोरच्याला खरी शंका वेगळीच असते, की तुमचं ज्ञान 2019 मध्येच थांबलंय का. तयारी तिची करा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या ईआरपी 9 च्या जागी 2020 मध्ये टॅली प्राइम आलं. त्याच वर्षी जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचं विवरण) सुरू झालं आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जुळवण्याची पद्धत बदलली. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल बंधनकारक झाला, म्हणजे जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. शिवाय 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 43ब (एच) ने आलेला नियम: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, चुकतं केलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो.

हे नुसतं वाचू नका. ओळखीच्या दुकानदाराच्या एका महिन्याच्या खरेदीची बिलं घेऊन 2बीशी जुळवून बघा. 'मागच्या महिन्यात हे स्वतः जुळवलं, तीन बिलं पुरवठादाराने चढवलीच नव्हती' असं काहीतरी तुमच्या अनुभवातून सांगता आलं की मधल्या वर्षांचा प्रश्न पुन्हा निघत नाही.

एचआरने 6 लाखांचं पॅकेज सांगितलं. हातात किती येतील, हे तिथेच कसं विचारायचं?
– एक वाचक, नाशिक

सरळ विचारा: 'यात व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) किती आणि बेसिक (मूळ पगार) किती?' या दोन आकड्यांवरून बाकीचं घरी मांडता येतं. समजा व्हेरिएबल 60,000 आणि बेसिक 3,00,000 आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 36,000. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, म्हणजे 14,430. पॅकेजमधून हे तीन वजा केले की 4,89,570 उरतात, महिन्याला सुमारे 40,800. त्यातून तुमचा पीएफ 3,000 आणि व्यवसायकर 200 (फेब्रुवारीत 300) गेला की हातात साधारण 37,600. विम्याचा हप्ता पॅकेजमध्येच धरला असेल तर आणखी थोडे कमी. मनात 50,000 धरून भाड्याचं घर ठरवलं की ओढाताण होते.

काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 कापतात. मग हातात जास्त येतं, पण साठतं कमी. व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं गेलं, हेही विचारा. 'कामगिरीवर अवलंबून' एवढंच उत्तर आलं तर हिशोबात ते शून्य धरा आणि उरलेल्या रकमेवर होकार द्यायचा की नाही ते ठरवा.