महाबळेश्वरला बुक केलेली रूम फोटोसारखी नाहीये, पैसे परत मिळतील का?

मिळू शकतात, पण बॅगा उघडायच्या आधीच हालचाल करा. ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून पैसे घेतले आणि खिडकी उघडल्यावर शेजारच्या लॉजची भिंत, पलंगामागे ओल आलेली, हे सगळं व्हिडिओत घ्या आणि आधी बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, नंतर फोटो बदलले तर हातात काहीच राहत नाही. मॅनेजरशी तोंडी वाद नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून रूम बदलून मागा, अ‍ॅपच्या कस्टमर केअरलाही तेच पाठवा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात येते, तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, साताऱ्याला खेटे घालायला नकोत, आणि रूमसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीची फी शून्य. लोक उगाच सोडून देतात हो, म्हणूनच यांचं फावतं.