चुका कमी झाल्या, तरी स्कोअर का घसरला?

प्रश्न : जीमॅटची (एमबीए प्रवेशासाठीच्या संगणकावरच्या परीक्षेची) तयारी घरूनच करतो आहे. पहिल्या अधिकृत सराव परीक्षेत 565 आले, महिन्याभराने दुसरीत 545. क्वांटच्या (गणिताच्या विभागाच्या) 21 प्रश्नांपैकी आधी 8 चुकले होते. या वेळी 6 चुकले, पण शेवटचे 4 राहून गेले. मधे लाइन गेली म्हणून अर्धा तास परीक्षा थांबवलीही होती. चुका कमी होऊन स्कोअर खाली कसा?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बरोबर उत्तरं मोजून गुण काढायची बोर्डाच्या पेपरातली सवय इथे सोडावी लागते. जीमॅट तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा की कठीण ते ठरवते, आणि सोपा प्रश्न चुकला तर फटका जास्त बसतो. त्यामुळे कठीण प्रश्नांतल्या 8 चुका सोप्यातल्या 6 चुकांपेक्षा परवडू शकतात.

तुमचं खरं दुखणं मात्र ते 4 प्रश्न. विभाग अपुरा राहिला की त्याचा दंड वेगळा लागतो. शेवटची दोन मिनिटं उरली की उरलेल्यांवर अंदाजाने का होईना, उत्तर टिचकवा. त्याहून बरं म्हणजे घड्याळाचे टप्पे ठरवा : 45 मिनिटांत 21 प्रश्न, म्हणजे सातवा संपला तेव्हा 30 मिनिटं उरलेली हवीत, चौदावा संपला तेव्हा 15. मागे पडलात तर ज्या प्रश्नाला तिसरं मिनिट लागलं त्याला अंदाजाने उत्तर देऊन पुढे जा. वेळ उरला तर विभागाच्या शेवटी 3 उत्तरं बदलता येतात.

20 गुणांच्या घसरणीने घाबरू नका. एवढा फरक तयारी तीच असतानाही पडतो. लाइन गेली हे कारण मात्र धरू नका. थांबलं की डोकं ताजं होतं, म्हणजे 545 हाही थोडा फुगलेलाच असू शकतो.

आता चुकलेले 6 प्रश्न घड्याळ न लावता कोऱ्या कागदावर सोडवा. सहज सुटला तर घाई नडली. अडलात तर तो धडाच कच्चा आहे. (मोबाइलचा कॅल्क्युलेटर दूर ठेवा. क्वांटला तो मिळत नाही, फक्त डेटा इनसाइट्सला (तक्ते, आलेख वाचून उत्तरं देण्याच्या विभागाला) स्क्रीनवर असतो.)

मोफतच्या दोन्ही परीक्षा संपल्या. त्याच पुन्हा दिल्या तर ओळखीचे प्रश्न येतात आणि स्कोअर उगाच चढतो. विकतची पुढची परीक्षा सहा आठवड्यांनी द्या, भारनियमनाची वेळ टाळून : तीन विभागांची 135 मिनिटं, मधे 10 मिनिटांची एकच सुट्टी, लॅपटॉप पूर्ण चार्ज.