मुलं घरी व्हिडिओ बघत नाहीत. मग ऑनलाइन कोर्स आणि वर्गातलं शिकवणं यांची सांगड घालायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेने सातवी-आठवीसाठी एक ऑनलाइन कोर्स घेतलाय, संस्थाचालक म्हणतात तो वर्गातल्या शिकवण्याला जोडा, मुलं घरून व्हिडिओ बघून येत नाहीत आणि तुमचा पोर्शन मागे पडत चाललाय.

मी बडोद्यात एका गुजराती माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते, विज्ञानाचेही काही तास घेते. आमच्याकडे असाच कोर्स कोविडनंतर आला. माझं मत आधीच सांगून टाकते. ऑनलाइनचा भाग घरी ढकलू नका, शाळेच्या वेळेत आणा. आणि त्यातून मुलांचं जे कळेल, त्यावर पुढचा तास ठरवा. यातलं दुसरं होत नसेल तर शाळेत एकाच विषयाचे दोन कोर्स शेजारीशेजारी चालू राहतात, आणि पोर्शन मागे पडतो तो त्यामुळेच.

घरचं आधी बघू. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) शिफ्टला जातात. घरात चांगला फोन एकच, तो त्यांच्या खिशात. ते घरी आले की धाकटा भाऊ आधीच टपलेला असतो, बहिणीचा नंबर सगळ्यात शेवटी. मुलीच्या हातात फोन देताना घरचे दहा प्रश्न विचारतात. म्हणून एखादी मुलगी सकाळी येऊन 'बेन, फोन मळ्योज नहीं' (बाई, फोन मिळालाच नाही) म्हणते तेव्हा मी तिच्यावर विश्वास ठेवते. 'घरी बघून या' या एका वाक्याने आपण ज्यांच्या घरी वेगळा फोन, वेगळी खोली आणि वायफाय आहे अशा मुलांसाठी तास आखतो. बाकीच्या मुलांनी शिकायचं टाळलेलं नसतं, त्यांना शिकायला मिळालेलंच नसतं.

घरी व्हिडिओ बघायचा आणि वर्गात सराव करायचा ही पद्धत ज्यांच्यामुळे जगभर गाजली, त्या शिक्षकांनाही हे दिसलं होतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक 2007 सालापासून आपले पाठ रेकॉर्ड करू लागले. सुरुवातीला ते खेळांच्या सामन्यांमुळे तास बुडणाऱ्या मुलांसाठी होतं. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना त्यांनी डीव्हीडी करून दिल्या. म्हणजे साहित्य मुलापर्यंत पोचवणं हे शिक्षकाचं काम त्यांनी आपल्याकडे ठेवलं, मुलावर टाकलं नाही. आपल्याकडे ही पद्धत आली तेव्हा व्हिडिओ आला, हा भाग मागे राहिला.

दुसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे: जे व्हिडिओत आहे ते वर्गात पुन्हा पहिल्यापासून शिकवू नका. मुलांना फार लवकर कळतं. बाई उद्या तेच फळ्यावर शिकवणार असतील तर आज कोण बघेल? आपल्याला मात्र चैन पडत नाही. आपण स्वतः समजावलं नाही तर शिकवलंच नाही, असं वाटत राहतं. पण तासाची पहिली वीस मिनिटं मोकळी करणं हाच या सगळ्या खटाटोपाचा उद्देश आहे. ती वीस मिनिटं परत व्याख्यानातच गेली तर कोर्स न घेतलेला बरा.

मोकळ्या झालेल्या वेळाचं काय करायचं, हे एका उदाहरणाने सांगते. आठवीत (a + b)² येतं. लॅबमध्ये मुलांनी पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला आणि खालचे पाच प्रश्न सोडवले. कोर्सच्या डॅशबोर्डवर कुणी किती मिनिटं बघितलं याचे रंगीत आलेख येतात, त्यांचा मला काही उपयोग होत नाही. मी एवढंच बघते की चुकलेल्या मुलांनी कुठला पर्याय निवडला. या धड्यात तो जवळपास नेहमी एकच असतो: a² + b². म्हणजे व्हिडिओ बघून, मान डोलावूनही निम्म्या मुलांच्या डोक्यात कंसाचा वर्ग a आणि b वर वेगवेगळा वाटला गेलाय.

मग दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू होतो. सूत्र मी लिहीत नाही. फळ्यावर a = 3, b = 4 एवढंच लिहिते. 3 + 4 म्हणजे 7, त्याचा वर्ग 49. आणि 9 + 16? पंचवीस. वर्ग गप्प होतो आणि कुणीतरी विचारतं, 'बाकीचे 24 कुठे गेले?' हा प्रश्न त्यांच्याकडून आला पाहिजे, त्यासाठी मी थांबते. मग चौकटीच्या वहीतून 7 × 7 चा चौरस कापायला लावते. एका बाजूला 3 घरं, दुसऱ्या बाजूला 4 घरं मोजून उभी आणि आडवी रेघ मारायची आणि त्या रेघांवर कापायचं. हातात चार तुकडे येतात: 9 घरांचा चौरस, 16 घरांचा चौरस आणि 12-12 घरांचे दोन आयत. हरवलेले 24 सापडतात. 2ab मधला 2 कुठून आला हे त्यानंतर सांगावं लागत नाही, ते दोन आयत बाकावर पडलेले असतात. हे काम स्क्रीनवर होणार नाही असं नाही. पण कुठली चूक आज वर्गात आहे हे आदल्या दिवशी कळल्यामुळे मी थेट तिथे पोचते, आणि ज्यांचं बरोबर आहे त्यांना तोवर (a − b)² चा चौरस कसा कापायचा या कामाला लावते.

आता व्यवस्था. आमच्या कॉम्प्युटर लॅबमधली चालू मशीन्स निम्म्या वर्गालाच पुरतात. म्हणून मुख्याध्यापकांकडून आठवड्यातून एक जोड तास मागून घेतला. पहिल्या तासाला अर्धी मुलं लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या सरांकडे, अर्धी माझ्यासमोर. मधल्या घंटेला अदलाबदल. अर्धा वर्ग समोर असला की प्रत्येकाची वही हातात घेऊन बघता येते. भरलेल्या वर्गात हे वर्षभर जमत नाही. खरं सांगायचं तर या पद्धतीतला माझा सगळ्यात मोठा फायदा स्क्रीनचा नाही, या अर्ध्या वर्गाचा आहे.

वेळ खाणाऱ्या गोष्टी क्षुल्लक असतात, पण त्यांनीच योजना कोसळतात. लॉगिनसाठी रोल नंबरप्रमाणे ठरलेली जागा आणि सरांकडे कार्डांचा डबा ठेवा, नाहीतर दहा मिनिटं पासवर्डमध्ये जातात. शक्य असेल ते सगळं आदल्या दिवशी मशीनवर उतरवून ठेवा. व्हिडिओ छोटाच निवडा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या जवळपास 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते, आणि ती स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं होती. बघताना वही उघडी हवी आणि शेवटी एक तरी प्रश्न वहीत लिहिलेला हवा. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, वापरून बघा. ती फुकट आहेत, उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात आणि बरीच मराठीतही आहेत. विद्युत मंडलाच्या धड्याला खऱ्या तारा-बल्ब हातात देण्याच्या आधी मुलं स्क्रीनवर बिनधास्त शॉर्ट सर्किट करून बघतात. पण खरे तारा-बल्ब नंतर द्याच.

संस्थाचालकांशी बोलताना एक अभ्यास हाताशी असू द्या. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमावर केलेला हा अभ्यास 2019 साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. मुलांची निवड सोडत काढून केली होती. रोज 90 मिनिटं: निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ छोट्या गटात माणसाबरोबर. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. त्याचं एक कारण त्याच अभ्यासात आहे. तिथली सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलं होतं. संगणक प्रत्येकाला त्याच्या पातळीवरचा प्रश्न देत होता. आपण चाळीस-पन्नास मुलांना एकाच वेळी तसं देऊ शकत नाही, हे मान्य करायला हवं. पण शाळेच्या नेहमीच्या इयत्तावार परीक्षेत गणिताचे गुण तसे लक्षणीय वाढले नाहीत, हेही त्यात आहे. म्हणजे जो मुलगा पाचवीच्या अपूर्णांकांवर अडला होता तो खरंच पुढे सरकला, पण आठवीच्या पेपरात ते दिसलं नाही. 'सहामाहीत निकाल किती वाढला?' असं कुणी विचारलं तर हे शांतपणे समजावून सांगा, आणि त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला खालच्या इयत्तांची एक साधी चाचणी घेऊन ठेवा. मुलाची पुढची चाल मग त्या चाचणीशी ताडून दाखवता येते.

बाहेरून आलेलं साहित्य आणि गावची शाळा यांचा मेळ ही गोष्ट आमच्या बडोद्याला नवी नाही, म्हणून थोडं विषयांतर करते. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात प्रयोग करून 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सुटली की मुलं वाचायला विसरतात हे ध्यानात आल्यावर 1910 साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायची, आणि त्याच खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्नच्या (पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या दिव्याच्या) स्लाइड्स आणि चित्रपट घेऊन फिरायची. शाळेत काय कमी पडतंय हे आधी बघितलं गेलं आणि पेट्या त्यानंतर निघाल्या. आपल्या शाळांत कोर्स आधी येतो आणि त्याला काम नंतर शोधलं जातं, हे मला मनापासून खटकतं.

तेव्हा पुढच्या वर्षी कोर्सच्या नूतनीकरणाआधी कंपनीला विचारून घ्या: प्रश्नवार उत्तरं शिक्षकाला दिसतात का, धड्यांचा क्रम आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे बदलता येतो का, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत साहित्य आहे का. मुलांची नावं आणि फोन नंबर कुठे साठतात हेही लेखी मागा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि आमच्याकडे तरी याचा विचार आधी कुणी केला नव्हता.

सुरुवात एका तुकडीपासून आणि एका धड्यापासून करा. आणि जोड तास किंवा लॅब मिळतच नसेल, तर कोर्स फक्त आजारपणात तास बुडालेल्यांसाठी आणि परीक्षेआधीच्या उजळणीसाठी ठेवा, तुमचा वर्ग तुमच्या पद्धतीने चालू द्या, आणि संस्थाचालकांना तसं लेखी कळवा.