योग शिबिरं घेऊनही आमच्या रुग्णालयातले तरुण डॉक्टर थकून नोकरी सोडताहेत. नेमकं काय बदलावं?

तुम्ही ट्रस्टच्या रुग्णालयाचं प्रशासन बघता आणि शिबिर, समुपदेशन सगळं करून झालंय, असं लिहिलंय. मी सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनचं एक युनिट सांभाळतो. माझं स्पष्ट मत सांगतो: आधी ड्युटीचा तक्ता काढून समोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. त्यामुळे दुरुस्ती कामाचीच करायला हवी.

तासांचं म्हणाल तर नियम जुनाच आहे. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. प्रत्यक्षात इमर्जन्सीचा दिवस, त्याची रात्र आणि वर दुसऱ्या दिवशीचा राऊंड असं चालतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक हक्काची सुट्टी सुचवली. तुम्ही निदान तिथपर्यंत तरी या.

पण नुसते कागदावरचे तास कमी करून डॉक्टर घरी जात नाही, कारण त्याचा ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवणं, नीट झालेला नसतो. जिन्यात उभ्या उभ्या ‘चौदा नंबर जरा बघ’ एवढं सांगून निघालेला डॉक्टर घरी गेला तरी त्याचा फोन रात्रभर वाजत राहतो. ओव्हर खाटेशी उभं राहून, लिहून द्यायला लावा. गंभीर पेशंट आधी: ‘चौदा नंबर, डीकेए (मधुमेहातली एक गंभीर अवस्था), इन्सुलिन चालू, आठ वाजता शुगर आणि पोटॅशियम. पोटॅशियम साडेतीनच्या खाली आलं तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम.’ ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत अशी पद्धत बसवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, २०१४ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. आणि ओव्हरला जास्त वेळही लागला नाही. चूक झाली असेल का, ही धास्ती घेऊन घरी गेलेल्या डॉक्टरला झोप कुठून येणार?

दुसरं, रात्री दोन वाजता तुमचा डॉक्टर काय करत असतो ते स्वतः वॉर्डात जाऊन बघा. सँपल घेऊन लॅबकडे धावतोय, मामा (वॉर्डबॉय) नाहीत म्हणून सीटीसाठी ट्रॉली ढकलतोय, तीच हिस्टरी केसपेपरवर, कॉम्प्युटरवर आणि योजनेच्या फॉर्मवर तीनदा लिहितोय. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. इतकी वर्षं शिकून आलेली मुलं पेशंटशी पाच मिनिटं बोलू शकत नाहीत, आणि त्यांचं मन सगळ्यात आधी तिथेच उडतं. रात्रपाळीला रक्त घेणारा एक तंत्रज्ञ, एक जादा मामा आणि डिस्चार्ज कार्ड टाइप करणारा एक माणूस नेमा. सोडून गेलेल्या एमडीच्या जागी नवा डॉक्टर मिळवण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल.

नातेवाइकांना पास द्या, एका पेशंटमागे दोनच. मृत्यूची बातमी पहिल्या वर्षाच्या मुलीवर सोपवू नका. वरिष्ठानं खाली यायचं, सोबत सुरक्षारक्षक ठेवायचा. २०१७ मध्ये धुळ्याच्या निवासी डॉक्टरवरच्या हल्ल्यानंतर राज्यभर काम ठप्प झालं होतं. ती भीती अजून गेलेली नाही.

ड्युटीरूमला कडी, पाणी, स्वच्छ चादर आणि रात्री गरम जेवण, यावर वेगळं काही सांगायची गरज नसावी.

समुपदेशन बंद करा असं मी म्हणत नाही. ज्याला गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे, तेही नाव गुप्त ठेवून. मात्र ते ड्युटीच्या वेळेत असू द्या; सुट्टीच्या दिवशी बोलावून शिबिर घेतलंत तर ती आणखी एक ड्युटीच होते.

सगळं एकदम जमणार नाही. एकच वॉर्ड निवडा. साप्ताहिक सुट्टीच्या रकान्यात त्या दिवशी बदली कोण येणार त्याचं नाव छापा, आणि सुट्टीवरच्या डॉक्टरला फोन करायचा झालाच तर तो फक्त युनिट प्रमुखानं करायचा असा लेखी आदेश काढा. महिनाभरानं तिथल्या सगळ्यात ज्युनियर डॉक्टरला, त्याचे वरिष्ठ समोर नसताना, विचारा की तक्त्याप्रमाणे खरंच घरी जाता आलं का.